तीन टोकांचा तारा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभे राहून मोटारीच्या सौंदर्याविषयी बोलणे म्हणजे मासळीबाजारात अत्तराची कुपी उघडण्यासारखे आहे! पण काय करावे? आमच्या घरात जर्मन मोटारीचा विषय शिरला तो याच बाजारातून.

आमचे अण्णा ज्या ट्रकवर हात बसवून ड्रायव्हर झाले, तो लांब नाकाचा टाटा-मर्सिडीज-बेन्झ होता. टेल्को आणि डायम्लर-बेन्झ यांचे सहकार्य १९५४ साली सुरू झाले आणि १९६९ साली संपले. तोवर ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. पुढे तेथे ‘टी’ आला. अण्णांच्या मनातून मात्र तारा उतरला नाही.

तो पुन्हा भेटला १९९६ साली. शेठजींनी ई-२२० घेतली आणि अण्णांना ट्रकवरून उतरवून तिच्यावर बसवले. पुण्यात टेल्कोच्या आवारात १९९५ पासून जोडली जाणारी हीच ती गाडी.

तिचे घराणे मोठे. १९५३ ची गोलमटोल ‘पाँटॉन’. १९६१ ची, शेपटीकडे माशाचे पर फुटलेली. १९६८ ची नीटस. १९७६ ची, जगभर टॅक्सी म्हणून राबलेली. आणि १९८४ ची ही डब्ल्यू-१२४. घरंदाज दिसणाऱ्या या गाडीच्या अंगात शर्यतीचे वारेही होते. तिच्यात पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन बसवून ‘५०० ई’ काढली, तेव्हा जुळणीसाठी शेजारच्या पोर्शेची मदत घ्यावी लागली. १९९१ पासून चारएक वर्षांत अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. बाहेरून पाहणाऱ्याला पत्ताही लागू नये!

आपल्याकडची साधी. पण अण्णांना कौतुक तिच्या एकुलत्या एका वायपरचे. “खंडाळ्याच्या पावसात एकटा सगळी काच पुसतो, आणि कोपराही सोडत नाही!” जणू तो वायपर म्हणजे घरातला कर्ता मुलगा.

पुढे पिढ्या बदलल्या. १९९५ साली जर्मनीत चार गोल दिव्यांची नवी आली; मग २००२, २००९, २०१६. पुण्याजवळ चाकणला २००९ साली स्वतंत्र कारखाना झाला. आणि २०१७ साली आपल्याकडे जी ई-क्लास आली, तिच्या दोन चाकांमधले अंतर १४ सेंटिमीटरनी वाढवलेले होते. कशासाठी? मागे बसणाऱ्याने पाय पसरावेत म्हणून! चालवणाऱ्याच्या आनंदासाठीही नावाजलेली गाडी आपल्याकडे मालकाच्या पायांसाठी लांबली.

परवा शेठजींचे चिरंजीव अशीच लांब गाडी घेऊन आमच्या दारी आले. अठ्ठ्याहत्तरीच्या अण्णांना मागे बसवून द्रुतगती मार्गावर फिरवून आणले. आयुष्यात अण्णा तिच्या मागच्या सीटवर प्रथमच बसले. परतल्यावर मी उत्साहाने विचारले, “कसं वाटलं, अण्णा?”

“चांगली आहे रे,” ते चपला काढीत म्हणाले. “पण तिथून रस्ता दिसत नाही.”