तंजावरात समुद्र, काचेच्या टाकीत

दुसरे सरफोजीराजे यांनी 1814 च्या सुमारास पाल्कच्या सामुद्रधुनीकाठी मनोरा बांधला. तंजावर जिल्ह्याचा समुद्र तो हाच, उथळ आणि सागरी गवताने भरलेला. तंजावर शहरात खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवायचं, तर मात्र समुद्राचं पाणी घरीच तयार करावं लागतं.

स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, वेदारण्यमच्या मिठागरातलं जाडं मीठही नाही. त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही हवेत. म्हणून मत्स्यालयाचं खास मीठ, लिटरमागे साधारण 35 ग्रॅम. शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो.

पाणी भरलं की लगेच मासे सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. जीवाणूंची ही वसाहत टाकीतल्या दगडांवर रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामी दिसते, पण काम चालू असतं.

तंजावरच्या मे महिन्यात पाणी झपाट्याने आटतं. काचेच्या कडेला पांढरी खरखरीत रेघ उमटते. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागे उरतं. म्हणून भर घालायची ती गोड्या, गाळलेल्या पाण्याची. इथे खारं पाणी ओतलं, तर खारटपणा चढत जातो.

पहिला मासा क्लाउनफिश घ्या, तोही टाकीत पैदास झालेला. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना समुद्रातच राहू द्या.