घर राखा, मांजर सांभाळा. राहणं खरंच फुकट?

गावाला जायचं ठरलं की आपल्याला पहिली काळजी घराची. तुळशीला पाणी कोण घालणार? मनीकडे कोण बघणार? शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली की आपण एसटीत बसायला मोकळ्या. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत हीच किल्ली पुष्कळदा अनोळखी माणसाच्या हाती जाते. कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचं तर रोजचे पैसे मोजावे लागतात आणि मांजर तर जागा बदलली की बिथरतंच. म्हणून मालक सांगतो, आम्ही नसताना आमच्या घरात येऊन राहा, भाडं नको, फक्त जनावराला जीव लावा. याला तिकडे हाऊससिटिंग म्हणतात. ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेलं ट्रस्टेडहाऊससिटर्स हे अशी घरं आणि असे प्रवासी यांची गाठ घालून देणारं एक मोठं नाव. दोन्ही बाजूंनी वर्षाची वर्गणी भरायची. मालक आणि पाहुणा यांच्यात मात्र राखणीचा पैसा फिरत नाही.

हल्ली एकट्यादुकट्या फिरणाऱ्या बायका, निवृत्त जोडपी याबद्दल विचारू लागली आहेत. हॉटेलचा खर्च वाचतो, स्वयंपाकघर मिळतं. फुकट ते पौष्टिक! पण माझ्या मते ही जागा फुकट नसते. ती मजुरीच आहे, फक्त रोख मिळत नाही. मग मजुरी ठरवताना जे विचाराल, ते इथेही विचारा.

सगळ्यात आधी वेळ विचारा. कुत्र्याला सलग चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये, असं ब्रिटनमधली प्राण्यांसाठी काम करणारी आर.एस.पी.सी.ए. ही जुनी संस्था सांगते. म्हणजे सकाळी निघून रात्री परतायची सहल विसरा. शिवाय पाऊस असो, थंडी असो, फिरायला न्यायचंच. मांजर त्या मानाने सोपं, पण त्याला मधुमेह असेल तर बहुधा बारा-बारा तासांनी इन्सुलिनची सुई टोचावी लागते. हात थरथरत असेल तर आधीच नाही म्हणा. भिडेपोटी होकार देऊ नका.

नवीन माणूस दिसलं की मांजर पलंगाखाली जाऊन बसतं. बसू द्या, ओढून काढू नका. पण एक पूर्ण दिवस त्याने काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, कारण मांजराचं उपाशी राहणं यकृतावर येतं. आणि लाडाने वाटीभर दूध देऊ नका. मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही. आपल्या फोडणीतला कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना विषारी असतो. मनुका आणि चॉकलेट कुत्र्यासाठी धोक्याचं. लिलीची फुलं घरात असतील तर मांजराच्या वाऱ्यालाही ठेवू नका, त्याची किडनी निकामी होऊ शकते. ज्या बहिणींना दिवस गेले आहेत, त्यांनी मांजराच्या शीच्या ट्रेला हात लावू नये. त्यातून टोक्सोप्लाझ्मोसिस होऊन पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो.

जनावर आजारी पडलं तर डॉक्टर कोण, बिल कोण भरणार आणि मालकाचा फोन लागला नाही तर निर्णय कुणी घ्यायचा, हे लेखी घ्या. घरात कॅमेरे कुठे आहेत, हेही सरळ विचारा. दारावर असेल तर ठीक. बैठकीत किंवा झोपायच्या खोलीत असेल तर ते घर सोडा. आधी व्हिडिओवर बोला आणि मालकाला कॅमेरा घरभर फिरवायला सांगा. आधीच्या पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचा. त्यात नुसतं ‘छान’ लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. कुत्रं कुणावर धावतं का, हे मालकापेक्षा आधीच्या पाहुण्याकडून खरं कळतं.

आता व्हिसा. इथेच खरी गोम आहे. मुलाकडे अमेरिकेला गेलात आणि मधले पंधरा दिवस दुसऱ्या शहरात कुणाची मांजरं सांभाळून फिरून यावं, असं मनात येईल. पण पर्यटक व्हिसावर तिथे काम करता येत नाही आणि राहण्याच्या बदल्यात केलेली राखणही काम धरली जाऊ शकते. २०२२ मध्ये एक ऑस्ट्रेलियन तरुणी मांजर सांभाळायला कॅनडाला निघाली होती. वाटेत लॉस एंजेलिसला तिला थांबवलं. आधी अमेरिकेतही तिने अशीच राखण केली होती. अधिकाऱ्यांनी ते काम मानलं आणि तिला तिथूनच माघारी पाठवलं. हातात एक रुपयासुद्धा घेतला नव्हता तिने. प्रत्येक देशाचा नियम वेगळा, तेव्हा त्या देशाच्या दूतावासाचे नियम आधी वाचा किंवा जाणकार वकिलाला विचारा. विमानतळावर खोटं मात्र बोलू नका, पुढचे सगळे व्हिसा अडकतात.

आपल्याच देशात, पुण्याहून बेंगळुरूला किंवा गोव्याला असं जायचं असेल तर व्हिसाची कटकट नाही, बाकी सगळं तेच. कुत्रा चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. त्याच्या लसीकरणाचं कार्ड मालकाकडून आधीच मागून ठेवा. आणि दोन-तीन रात्रींच्या लॉजचे पैसे पर्समध्ये वेगळे ठेवा. मालकाचा बेत आयत्या वेळी रद्द होऊ शकतो.