सार्वजनिक शिल्प आणि शिल्पकाराचा करारनामा

नवी दिल्लीतील विज्ञान भवनाच्या भिंतीवर एके काळी 140 फूट लांब व 40 फूट उंच असे ब्राँझचे भित्तिशिल्प होते. सरकारने हे काम 1957 मध्ये अमरनाथ सहगल यांच्याकडे सोपविले व ते 1962 मध्ये पुरे झाले. 1979 मध्ये शिल्पकारास न कळविता ते भिंतीवरून उतरविण्यात आले. तुकडे कोठारात पडले, काही गहाळ झाले. सहगलांनी 1992 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. मूल्य चुकते केले, तेव्हा वस्तू आमची, असा सरकारचा पक्ष होता. 21 फेब्रुवारी 2005 रोजी निकाल लागला: 5 लाख रुपये नुकसानभरपाई, आणि उरलेले शिल्प शिल्पकाराच्या स्वाधीन.

हा निकाल कॉपीराइट कायद्याच्या 57 व्या कलमावर उभा आहे. कृती विकली, कॉपीराइटही दुसऱ्यास लिहून दिला, तरी ती आपली आहे असे सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकास बाध येईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार कर्त्यापाशीच राहतो. समूळ नाश हा मोडतोडीचाच पराकाष्ठेचा प्रकार होय, असे न्यायालयाने मानले. तथापि या कलमावर सर्वस्वी विसंबणे शहाणपणाचे नव्हे. कृती प्रदर्शित न करणे, किंवा कर्त्याच्या मनाजोगती न मांडणे, हा या अधिकाराचा भंग नव्हे, असे तेच कलम सांगते. शिवाय दिल्लीचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ 2017 मध्ये पाडले गेले, तेव्हा त्याचे वास्तुरचनाकार राज रेवाल यांची मागणी त्याच उच्च न्यायालयाने 2019 मध्ये अमान्य केली. जमिनीच्या मालकाचा हक्क तेथे वरचढ ठरला. आणि सहगलांना तरी न्याय मिळाला तो शिल्प उतरविल्यानंतर सव्वीस वर्षांनी!

म्हणून खरे संरक्षण करारनाम्यातच शोधावे लागते. करारनामा गप्प असला म्हणजे कायदा काय बोलतो, हे कलावंतांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मोबदला देऊन कोणी चित्र काढवून घेतले, तर त्याचा कॉपीराइट काढवून घेणाऱ्याचा होतो. शिल्प मात्र या तरतुदीत येत नाही, त्याचा कॉपीराइट सामान्यतः शिल्पकाराकडे राहतो. सरकारच्या देखरेखीखाली झालेली कृती असेल, तर मौनाचा लाभ सरकारला. याउलट सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र कोणीही घ्यावे व छापावे, त्यास कर्त्याची परवानगी लागत नाही. त्याच्या लहान प्रतिकृती ओतून विकणे ही गोष्ट निराळी. म्हणून साचे कोणाकडे राहणार हे आधीच लिहावे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींनी एखाद्या थोर पुरुषाचे स्मारक योजले म्हणजे समिती स्थापन होते, वर्गणी जमते, आणि शिल्पकाराशी सारा व्यवहार तोंडी ठरतो. (कोनशिलेवर पाहुण्यांची नावे ठळक असतात, शिल्पकाराचे शोधावे लागते.) अशा वेळी जागेची परवानगी प्रथम पाहावी. 18 जानेवारी 2013 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ इत्यादी जागी पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असे राज्य सरकारांना बजावले आहे. ओतकाम झाल्यावर जागा नाकारली गेली तर खर्च कोणाच्या माथी? मोबदला टप्प्याटप्प्याने घ्यावा: करारावर सही होताना काही, मातीचा नमुना पसंत झाल्यावर काही, ओतकामापूर्वी काही. पसंती लेखी असावी. अनावरणाच्या तोंडावर एखाद्या सभासदास मुद्रा पटेनाशी होते आणि बाकी रक्कम अडते.

सर्वांत दुर्लक्षित प्रश्न जबाबदारीचा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींच्या सुमारे 35 फुटी पुतळ्याचे अनावरण 4 डिसेंबर 2023 रोजी झाले आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. पुढे शिल्पकार व बांधकाम सल्लागार या दोघांनाही अटक झाली. आकृतीची जबाबदारी शिल्पकाराची. पण पाया, आतील सांगाडा, वाऱ्याचा दाब, समुद्राच्या खाऱ्या हवेने चढणारा गंज यांचा हिशेब कोणत्या अभियंत्याने केला व त्याखाली कोणाची सही आहे, हे करारनाम्यात नावानिशी यावे. पुतळा ताब्यात दिल्याची तारीख लिहावी, त्यानंतरची निगा मालकाकडे द्यावी. आणि शिल्प हलवावयाचे झाल्यास शिल्पकारास अथवा त्याच्या वारसांस पूर्वसूचना मिळावी व ते परत घेण्याची पहिली संधी त्यांस असावी, एवढे एक कलम शेवटी जोडावे. सहगलांना त्यासाठी न्यायालयात जावे लागले.