रोजचे तीस

रात्री काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारणारी मुंबई महापालिकेची माणसं असतात आणि त्यांना पाळीला तीस उंदीर द्यावेच लागतात, हे ऐकल्यापासून तो आकडा डोक्यातून जाईना. म्हणून घाटकोपरला भटवाडीत गेले. काठीवाला रात्रीच भेटणार होता. दुपारी भेटले ते पिंजरे लावणारे काका.

दोन चाळींमधली घरगल्ली. वरून पाइप गळतात, खाली काळं पाणी. काकांच्या पायात साधी चप्पल. २६ जुलै २००५च्या पुरानंतर लेप्टोने या शहराला चांगलंच घाबरवलं होतं. उंदराच्या मुताने बाटलेलं पाणी आणि पायावरची एखादी जखम, रोग व्हायला एवढं पुरतं. तरी चप्पलच.

पिंजरा ठेवण्यात मात्र काकांची घाई नाही. उंदीर गल्लीच्या मधून धावत नाही, भिंतीला अंग घासत जातो. म्हणून पिंजरा भिंतीलगत, काळपट तेलकट पट्टा दिसतो तिथे. आकड्याला जाळावर भाजलेला बोंबील. तो वास दुसऱ्या दिवशीही माझ्या ओढणीला होता. "पहिले दोन दिवस दार बांधून ठेवायचं," काका म्हणाले. "खाऊन जाऊ दे. उंदराला नवी वस्तू खपत नाही." घरातली छोटी उंदरं भोळी, नवं काही दिसलं की हुंगायला येतात. मोठा उंदीर संशयी. घुशीला तर पिंजराही मोठाच लागतो.

पहिल्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या, "काका, मारू नका हां, लांब नेऊन सोडा!" काका हसले. सोडलेला उंदीर शेजारच्या गल्लीचा होतो, एवढंच.

रात्री काठीवाला भेटला. उजेडात उंदीर क्षणभर थबकतो, तेवढ्यात काठी बसली पाहिजे. बसली नाही तर तो पाइपावरून वर. मेलेला पिशवीत. सकाळी चौकीवर मोजणी.

"अठ्ठावीसच भरले तर?"

"राहिलेले दोन उद्याच्यात भरून द्यायचे. नाहीतर पगाराला कात्री."

तीस. १८९६मध्ये मांडवीत प्लेग आला तेव्हा तो उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये कराचीत ते दाखवून दिलं. आज सगळं ठाऊक आहे, आणि हिशोब मागायचा तो एका माणसाच्या काठीकडे. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. तीस मारून गल्ली रिकामी होत असती तर याची नोकरी कधीच संपली असती.

पिंजरेवाले काका उंदरांइतकाच कचऱ्याचाही हिशोब धरतात. काठीवाल्याचा आकडा कागदावर चढतो, बुजवलेल्या बिळाचा आणि उचललेल्या खरकट्याचा चढत नाही. मला विचाराल तर तोच आधी चढायला हवा.

तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याचं दार सोडायचं होतं. काका वाकले आणि वरून एक पिशवी आदळून फुटली. भात, आमटी, माशाचे काटे.

"आता माझ्या बोंबलाला कोण विचारतो?" म्हणत त्यांनी पिंजरा उचलला आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेला.