फीची तारीख आणि मदतीची तारीख

२५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आठ जण हुतात्मे झाले. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी ही त्यांतली काही नावे. चिरनेर, जुई, पाणदिवे, खोपटे, दिघोडे हा सारा टापू तेव्हा भातशेती, मिठागरे, खाडीतली मासळी आणि रानातला लाकूडफाटा यांवर जगत होता. त्याच टापूतली मुले आज इंजिनीअरिंगला, नर्सिंगला, फार्मसीला जातात. या नव्वद-पंचाण्णव वर्षांत मॅट्रिकच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च इथल्या घरांनी कसा भागवला, याचा मागोवा घेतला की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. सरकारची आणि समाजाची मदत वाढत गेली, हे खरेच. पण फी भरायच्या दिवशी ती क्वचितच हातात असते आणि मधले दिवस घरालाच पेलावे लागतात.

ही अडचण फार जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या जोरावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही तीन ठिकाणचे पैसे एकत्र करावे लागले, तिथे खेड्यातल्या साध्या मुलाची काय कथा?

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली ती याच जाणिवेतून. फी माफ केली तरी शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न उरतोच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही वाट घालून दिली. बोर्डिंगातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासह अंगावरचे दागिने विकले. रयतेचे महात्मा फुले महाविद्यालय १९७० साली पनवेलला आले आणि उरण-पनवेलच्या घरांचा मोठा भार हलका झाला. त्याआधी कॉलेज म्हणजे मुंबई: मोऱ्याच्या बंदरातून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि एखाद्या नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकायची. पनवेलला कॉलेज झाल्यावर मुलगा सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येऊ लागला. कुठल्याही शिष्यवृत्तीच्या यादीत ही बचत दिसणार नाही, पण अनेक पदव्या तिच्यामुळेच पदरात पडल्या.

फीचा भार उचलण्याचे सरकारी पाऊल त्याच्या आधी पडले होते. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ साली, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी फीमाफी आली. पालकाचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर जात न पाहता सवलत. ‘ईबीसी’ हा शब्द तेव्हापासून घराघरात रुळला. ग्रामीण महाराष्ट्रातली शिकलेली पहिली मोठी पिढी या सवलतीने उभी केली, हे कृतज्ञतेने सांगायला हवे.

मग जमीनच गेली. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाची टाच आली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले. नेमक्या याच काळात शिक्षण महागले. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, मुंबई-पुण्याबाहेरच्या मुलांना दार उघडले, पण फी हजारांत गेली. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि बंदरातल्या कामासाठीही डिप्लोमा, आयटीआय, लायसन लागू लागले. शेती गेलेल्या घराला शिक्षणाची निकड सर्वांत जास्त होती आणि पूर्वी अडीनडीला गहाण टाकता येईल असा जमिनीचा तुकडा आता नव्हता. कुठे मोबदल्याचे पैसे फीत गेले, कुठे आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, कुठे पतपेढीने हात दिला.

नव्या शतकात बँकेचे दार उघडले. २००१ साली शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली; चार लाखांपर्यंत तारण नको, हप्ते शिक्षण संपल्यानंतर. २००९ पासून साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना शिक्षणकाळातले व्याज सरकार भरू लागले. २०१५ साली ‘विद्यालक्ष्मी’ पोर्टल आले आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला हमीचे कवच मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’त आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, पण ती निवडक नामांकित संस्थांपुरती. शिवाय कर्जावर सही मुलाबरोबर पालकाचीही लागते. बंदराच्या आशेने घेतलेल्या ट्रेलरचे हप्ते थकले असतील, तर बापाच्या सिबिलचा फटका मुलीच्या प्रवेशाला बसतो.

राज्यानेही हात सैल केला. २०१६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आली आणि उत्पन्नाची मर्यादा पुढे आठ लाखांवर गेली. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयं अशा योजना उभ्या राहिल्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ही सवलत निम्मी होती. उरण-पनवेलच्या आगरी घरांतल्या मुलींसाठी हा फार मोठा बदल आहे. भावाची फी आधी आणि बहिणीची उरले तर, हा हिशेब आता घरातल्या कोणालाही मांडता येऊ नये.

तरीही जून-जुलैत सेतू केंद्रापुढे रांग असतेच. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, जातपडताळणी, रेशनकार्ड, आधारला जोडलेले खाते. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग सरकारी खात्याच्या. एक त्रुटी निघाली की अर्ज परत येतो आणि कळले नाही तर मुदत टळते. पैसे जमा झाले तरी ते आधारला शेवटच्या जोडलेल्या खात्यात जातात. मोबाइलवर कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात शिष्यवृत्ती पडून राहते आणि मुलगा पासबुक भरून घ्यायला बँकेत खेपा घालतो. तोवर कॉलेजने हमीपत्र घेतलेले असते किंवा रक्कम भरून घेतलेली असते.

सर्वांत मागे राहतात कातकरी मुले. राज्यातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी हा एक. वीटभट्टीच्या हंगामात घर गाव सोडते आणि शाळा तुटते. त्यातूनही जो बारावी होतो त्याला जातपडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याने तो आणायचा कुठून? चिरनेरच्या हुतात्म्यांत नवश्या महादेव कातकरी यांचे नाव आहे. त्यांच्या समाजाच्या मुलाला या मातीतले आपले असणे कागदाने सिद्ध करावे लागते, याची सल मनातून जात नाही.

म्हणून नव्या योजनेपेक्षा वेळेचा प्रश्न मला मोठा वाटतो. दाखल्यांची शिबिरे दहावीच्या वर्षी शाळेतच भरवता येतात. महसूल खाते आणि शाळा यांनी ठरवले तर बारावीच्या निकालाआधी प्रत्येक मुलाची फाइल तयार असेल. कातकरी वाड्यांवर तर पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या माणसांनीच जायला हवे. आणि प्रवेश ते शिष्यवृत्ती यांमधल्या महिन्यांसाठी तालुक्यात एक बिनव्याजी आधारनिधी हवा: प्रवेशाच्या दिवशी कॉलेजला पैसे जावेत, शिष्यवृत्ती आली की ते निधीत परत यावेत. या तालुक्याच्या जमिनींवर बंदर, गोदामे आणि कंटेनर यार्ड उभे आहेत. त्या उत्पन्नातला छोटा वाटा या निधीत यावा, ही मागणी रास्त आहे. साडेबारा टक्क्यांसाठी हा टापू एकजुटीने उभा राहिला होता. मुलांच्या फीसाठीही त्याने तसेच उभे राहावे.