आकाशाशी वेळ जुळवणारे घड्याळ

रोज किल्ली द्यायची, काटे पुढे गेले की मागे सारायचे, ही घड्याळाची जुनी चाकरी. जपानच्या सेइको कंपनीने २०१२ साली ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पुरुषांचे भारी किमतीचे मनगटी घड्याळ काढले. त्याला यातले काही लागत नाही. उजेडापासून ते वीज करते आणि आतल्या लहानशा सेलमध्ये साठवते.

मग बरोबर वेळ त्याला सांगतो कोण? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जी.पी.एस. उपग्रह. त्यांच्यात अणुघड्याळे असतात. एकाच उपग्रहाचा संदेश मिळाला तरी सेकंद जुळतात. पण तेवढ्याने तुमच्या गावी किती वाजले, हे काही कळायचे नाही, बरे का! त्यासाठी आपण कुठे आहोत, हे घड्याळाला ठाऊक हवे, आणि ते कळायला निदान चार उपग्रह गाठावे लागतात. मग ते आपल्यापाशी साठवलेला नकाशा पाहते: टोकियो असेल तर ग्रीनिचच्या नऊ तास पुढे, आपल्याकडे साडेपाच.

आता हे तास ठरवतात सरकारे. उत्तर कोरियाने २०१५ साली आपली वेळ अर्धा तास मागे घेतली आणि २०१८ साली पुन्हा पुढे आणली. उपग्रहाला त्याची काय वार्ता? अशा वेळी घड्याळातला नकाशाच जुना ठरतो. सेकंद अचूक, आणि तास मात्र चुकलेला!

संदेश घ्यायला मोकळे आकाश लागते. स्लॅबखाली बसून तो सहसा मिळत नाही. आणि असले घड्याळ जपून म्हणून कपाटात कुलपात ठेवाल, तर अंधारात साठलेली वीज संपून ते शेवटी बंद पडेल.