बटणं परत आली, मराठीचं काय?

२०२६च्या जानेवारीत लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात ‘क्लिक्स कम्युनिकेटर’ दिसला आणि बटणांच्या स्मार्टफोनवरचं जुनं प्रेम पुन्हा उफाळून आलं. चार इंचांचा पडदा, त्याखाली पूर्ण क्वर्टी कीबोर्ड, अँड्रॉइड, मेमरी कार्डाची आणि वायरच्या हेडफोनचीही सोय, किंमत ४९९ डॉलर. त्याआधी २०२५मध्ये युनिहर्ट्‌झचा चौकोनी पडद्याचा ‘टायटन २’ किकस्टार्टरवरून आलाच होता. रील बघत बसण्यासाठी नव्हे, काम उरकण्यासाठी हा फोन, असा या मंडळींच्या प्रचाराचा सूर. छत्रपती संभाजीनगरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठातले वकील, शेंद्रा-वाळूजच्या कारखान्यांतले मॅनेजर, विद्यापीठातले प्राध्यापक, कर सल्लागार असे कितीतरी लोक दिवसाचा मोठा भाग फोनवर लिहिण्यात घालवतात. त्यांना हा सूर गोड लागणार, यात नवल नाही. पण ऑर्डर देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हे काम कोणत्या भाषेत करायचं आहे? ज्यांचं निम्मं काम मराठीत चालतं, त्यांच्यासाठी बटणांचं पुनरागमन ही प्रगती नाही, एक पाऊल मागे आहे.

आधी वेगाचा मुद्दा निकालात काढू. बटणांवर बोटं जास्त चालतात, हा या फोनांच्या चाहत्यांचा लाडका दावा. आल्टो, केंब्रिज आणि ईटीएच झुरिक या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१९मध्ये ३७ हजार लोकांचं मोबाइल टायपिंग तपासलं. त्यात काचेवरचा, म्हणजे टचस्क्रीनवरचा, सरासरी वेग मिनिटाला ३६ शब्द निघाला. ही चाचणी इंग्रजीतली होती, हे खरं. तरीही आपल्याकडे सरकारी लिपिक-टंकलेखकाकडून मराठीत ३० आणि इंग्रजीत ४० शब्दांचा वेग मागितला जातो, आणि तोही टेबलावरच्या पूर्ण कीबोर्डवर. म्हणजे टायपिंगच्या क्लासची पायरी न चढलेला माणूस नुसत्या अंगठ्यांनी त्या पात्रतेच्या जवळपास पोहोचतो. बटणांचा खरा फायदा वेगात नाही, तो न बघता लिहिण्यात आहे. बोटाला कळ लागते, दाबल्याचं कळतं, नजर मजकुरावर राहते. शिवाय कीबोर्डने अर्धा पडदा गिळलेला नसतो. हा फायदा खरा आहे आणि त्याची चेष्टा करण्याचं कारण नाही. पण तो मराठीत टिकतो का, हे पाहावं लागतं.

भारत सरकारने १९८०च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही प्रमाण मांडणी ठरवली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी तिची शहाणी रचना आहे. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून ती सव्वीस अक्षरांच्या कळांवर थांबत नाही, शेजारच्या विरामचिन्हांच्या कळाही वापरते. च आणि छ अर्धविरामाच्या कळेवर, ट आणि ठ अवतरणचिन्हाच्या, ड आणि ढ चौकटी कंसाच्या, य तिरक्या रेघेच्या. फोनच्या इवल्या कीबोर्डवर नेमक्या याच स्वतंत्र कळा नसतात, ती चिन्हं दुसऱ्या कळांच्या पोटात दडवलेली असतात. परिणाम असा की इन्स्क्रिप्ट जशीच्या तशी त्यावर बसवली तर वाळूज लिहिता येईल, पण याचिका लिहिता येणार नाही आणि खंडपीठही नाही. जादा कळांच्या कसरतीने वाट काढता येईल. पण मग न बघता लिहिण्याचं सुख, ज्यासाठी एवढे पैसे मोजले, ते तिथेच संपतं.

इथे इतिहासाकडे बघायला हवं. यंत्राने लिपीला आखडून घ्यायला लावणं आपल्याला नवीन नाही. छपाई आणि टंकलेखन सोपं व्हावं म्हणून सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, म्हणजे ‘इ’ऐवजी ‘अि’. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती काही काळ चालवूनही दाखवली. पुढे ब्लॅकबेरी फोनच्या भराच्या काळात मराठी माणूस त्या सुरेख बटणांवरून बव्हंशी रोमन अक्षरांतलं मराठी पाठवत राहिला. २०१८मध्ये जिओने २,९९९ रुपयांत ‘जिओफोन २’ आणला, तेव्हा बटणं स्वस्त झाली, मांडणी मात्र क्वर्टीच राहिली. चित्र बदललं ते काचेमुळे. काचेवर काहीच कोरलेलं नसतं, त्यामुळे बोट लावताच इंग्रजीची जागा ‘ळ’ आणि ‘क्ष’ घेऊ शकतात. यंत्राने लिपीपुढे नमतं घेतलं, ते तिथे. बटणांच्या फोनबद्दलची हळहळ मुख्यतः इंग्रजी लिहिणाऱ्यांची आहे. त्यांनी काचेवर जे गमावलं, त्याच्या कितीतरी पट मराठीने तिथे कमावलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मांडणी हवी कशाला, रोमनमध्ये ‘आहे’ टाइप केलं की फोन देवनागरी करून देतो. देतो, पण अंदाजाने. न की ण, ल की ळ, त की ट, श की ष, हे रोमन अक्षर सांगत नाही. म्हणून प्रत्येक शब्दागणिक पडद्यावरच्या पर्यायांकडे बघून निवड करावी लागते, म्हणजे नजर पुन्हा काचेवरच. घरच्या ग्रुपवर ‘पानी’ खपून जातं. नोटिशीत किंवा प्रतिज्ञापत्रात नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आता बोलून लिहिता येतं. गूगलने २०१७मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांना आवाजाने लिहिण्याची सोय दिली आणि ज्यांना टायपिंगची धास्ती आहे त्यांच्यासाठी ती वरदान ठरली, हे मान्य. पण वकिलाला खंडपीठाच्या व्हरांड्यात अशिलाची भानगड मोठ्याने सांगून लिहिता येत नाही, आणि प्रेस शॉपच्या धडधडाटात सुपरवायझरचा आवाज त्याच्या शेजाऱ्यालाही ऐकू येत नाही. मुकाट्याने, बोटांनी, अचूक लिहिण्याची गरज राहणारच आहे.

मग मराठी मांडणीचा आग्रह धरायचा कुणी? राज्य सरकारने ३ फेब्रुवारी २०२५च्या शासन निर्णयात सरकारी कार्यालयांत मराठीची सक्ती करताना संगणकाच्या कीबोर्डवर रोमनसोबत देवनागरी अक्षरंही छापलेली हवीत असं सांगितलं. हेतू उत्तम, पण नजर टेबलावरच थांबली. तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत निरोपांची देवाणघेवाण व्हॉट्सअ‍ॅपवर होते आणि तो मजकूर खिशातल्या फोनवर लिहिला जातो. केंद्राच्या आयएस १६३३३ या मानकानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यायला हवं, आणि बावीसही भाषांतला मजकूर वाचता यायला हवा. कोरलेल्या कळांचा फोन उद्या अधिकृतपणे इथे विकायला आला, तर नियम कागदोपत्री पाळला जाईल. पण अंगठ्यांसाठी आखलेली, पस्तीस-चाळीस कळांत बसणारी प्रमाण देवनागरी मांडणी नसेल, तर ते पालन फार उपयोगाचं नाही. सीडॅकसारखी संस्था पुण्यातच आहे. हे काम तिच्या आवाक्याबाहेरचं नाही.

तोवर खरेदीचा हिशेब सरळ आहे. दिवसभर इंग्रजी ईमेल लिहिणाऱ्या निर्यातदाराने किंवा आयटीतल्या माणसाने बटणांचा फोन जरूर बघावा. मात्र ४९९ डॉलर म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या घरातली रक्कम, वर आयातीचे कर आणि बिघाड झाल्यास जवळ सर्व्हिस सेंटर नसण्याची शक्यता, हे धरून चालावं. जिओचं सिम असेल तर व्होएलटीई चालतं का, हे आधी तपासावं, कारण त्या नेटवर्कवर टूजी-थ्रीजीचा आधार नाही. छोट्या कंपन्यांचा भरवसाही जपूनच धरावा: २०२०मध्ये फाइव्ह-जी ब्लॅकबेरीची घोषणा करणारी ऑनवर्डमोबिलिटी एकही फोन न आणता २०२२मध्ये बंद झाली. ज्यांचं काम मराठीत आहे त्यांनी आहे तोच फोन ठेवावा, त्यात रोमन लिप्यंतराऐवजी थेट मराठी कीबोर्ड सुरू करावा आणि चार-सहा आठवडे अंगठ्यांना वळण लावावं. लांब मजकुरासाठी घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड दोन-तीन हजारांत मिळतो आणि त्यावर य, च, ट, ड यांच्या कळा शाबूत असतात. मराठी लिहिण्याचा वेग वाढवायचा असेल, तर आज तरी हाच खर्च वसूल होणारा आहे.